कलमवार माफी

मामूंवर मी सूड उगवला आणि तो कायद्यानं उगवला, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढे कुणी माझ्यासाठी हळहळायला नको.

मामू म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आईचे सख्खे भाऊ. तीसएक वर्षं दोह्यात काढलेली. एका कतरी शेठची एसी बसवायची नि दुरुस्त करायची कंपनी होती, तिचे हे मॅनेजर. शेठ वर्षातून चारदा तोंड दाखवायचा; कंपनीचा शिक्का कायम मामूंच्या ड्रॉवरमध्ये. महाडच्या आसपासची कितीतरी पोरं त्यांनी आणून कामाला लावली होती. माझा नवरा त्यातलाच, स्टोअरवर. "मी आणलंय तुला इथं," हे वाक्य मामू सलाम-दुआ केल्यासारखं बोलायचे. भेटलं की एकदा, निघताना एकदा.

नवऱ्याला दुसऱ्या एका कंपनीत चांगली जागा चालून आली. ऑफर लेटर हातात होतं. पण तेव्हाचा नियम असा की जुन्या मालकानं 'रिलीज' दिल्याशिवाय, म्हणजे आमची हरकत नाही असं लिहून दिल्याशिवाय, माणूस नोकरी बदलू शकत नव्हता. सोडायचीच तर देश सोडून जा. त्यात माझा नि आमच्या पाच वर्षांच्या मुलीचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. तो नवा करायचा तर दर वेळी कंपनीचं शिक्क्याचं पत्र हवं. म्हणजे मामू रुसले की नुसती नोकरी नाही, घरच उठलं. आम्ही तिघांनी एका छपराखाली राहायचं की नाही, ते सगळं त्या ड्रॉवरवर.

मामूंकडे तीनदा रिलीज मागितली. तिन्हीदा उत्तर एकच, "इन्शाल्ला, बघू." अल्लाचं नाव घेऊन नाही कसं म्हणावं, हे मामूंकडून शिकावं.

आता माझी चूक सांगते. मी उर्दू शाळेत शिकलेली. अरबी अक्षरं फडाफडा वाचते, अर्थ मात्र उर्दूवरून ओढून आणते. बहुतेक वेळा जमतं. किताब म्हणजे किताब, कानून म्हणजे कानून. एका सकाळी अरबी पेपरात पहिल्याच पानावर बातमी होती: मंत्रिमंडळानं 'मश्रूअ कानून' मंजूर केला, कामगाराला नोकरी बदलायला मालकाची परवानगी नको. आमच्या उर्दूत मश्रूअ म्हणजे शरीयतला मान्य, रीतसर, शंभर टक्के कायदेशीर. म्हणजे हा नुसता कायदा नाही, पक्का कायदा! मी लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आले. नवऱ्यानं मोबाईलवर इंग्रजी बातमी काढली आणि म्हणाला, "इथं ड्राफ्ट म्हटलंय बघ."

"इंग्रजीवाल्यांना काय डोंबल कळतंय," मी म्हटलं. "मूळ अरबी बघा. मश्रूअ लिहिलंय, मश्रूअ!"

नवरा माझा गरीब स्वभावाचा. "जरा थांबूया का?" म्हणाला. थांबायचं कशाला? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्याकडे बाशिंग मी बांधलं होतं. राजीनामा मीच लिहिला आणि त्यात 'नव्या कायद्यानुसार' हे शब्द ठळक केले. त्याच दिवशी त्यानं तो मामूंच्या टेबलावर ठेवला.

मामूंनी वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. शुक्रवारी जेवायला बोलावलं. ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा व्हिला. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती कंपनीची दहा-बारा माणसं आणि ऑफिसचा सुदानी मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. मी आत मामींबरोबर बिर्याणीच्या पातेल्यापाशी. जेवणं झाली आणि मामूंनी हाक मारली, "पोरी, दारात ये जरा. तूच वाचलास ना कायदा?"

मंदूब भला माणूस होता. मला लाज वाटू नये अशा बेतानं त्यानं मोडक्या हिंदीत समजावलं. अरबीत मश्रूअ म्हणजे मसुदा. कच्चा. त्यानं एक खजूर उचलला. हे पहिलं ताट मंत्रिमंडळाचं. इथं मसुदा मंजूर झाला की तो शूरा मजलिसकडे, म्हणजे सल्लागार सभेकडे जातो, म्हणून खजूर दुसऱ्या ताटाशी. शूराचे सभासद त्यावर चर्चा करतात, दुरुस्त्या सुचवतात, आपलं मत देतात, आणि तो परत मंत्रिमंडळाकडे येतो. मग अमीरांची, म्हणजे इथल्या राजाची, सही होते. मग सरकारी गॅझेटात छापून येतो. आणि छापून आला तरी शेवटचं कलम बघायचं, लागू कधीपासून ते. "भाभी, अभी इधर है," असं म्हणून त्यानं खजूर दुसऱ्या ताटाच्या काठावर ठेवला.

मामूंनी हात लांब केला, तो खजूर उचलला आणि तोंडात टाकला.

"खलास," म्हणाले. "हा तुझा कायदा." आणि बी ताटात थुंकली.

सगळे हसले. माझ्या नवऱ्याशेजारी एक वेल्डर बसला होता, तो तर मांडीवर थाप मारून हसला. नवराही हसला, थोडंसं, तोंड लपवायला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत गेले आणि मामींनी पुढे केलेला खिरीचा वाडगा तसाच ठेवून दिला.

राजीनामा मागे घ्यायचं पत्र मामूंनी स्वतः सांगून लिहून घेतलं. 'पत्नीच्या गैरसमजुतीमुळे मी राजीनामा दिला, तरी क्षमा असावी.' पत्नीच्या! माझं अडाणीपण शिक्का मारून कंपनीच्या फाईलीत लागलं. घरी येऊन मी मामूंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नवऱ्यालाही सोडलं नाही. "तुम्ही हसलात कशाला? दात दाखवायला?" हे मी रोज विचारायची. भाजी वाढताना, पोरीची वेणी घालताना, तो नमाजहून आला की लगेच. महिना-दीड महिना रोज.

थंडीत आमचे व्हिसे संपत आले. नवरा ऑफिसातून आला, बूट न काढताच खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मामूनं पत्र नाय दिलं. दोन महिने गावाला जाऊन या. तोवर त्यांचा राग उतरेल."

मी आणि पोरगी महाडला आलो. दोन महिने म्हणता म्हणता कोरोना आला. विमानं बंद, सरहद्दी बंद. दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं.

सासरच्या पडवीत बसून मी मामूंना शिव्या दिल्या. त्यांच्या हाडांना उन्हाळा लागो, त्यांची दाढ दुखो, सगळं मागून झालं. पण शिव्यांनी जिवाची तगमग थांबत नाही. मग म्हटलं, ज्या गोष्टीनं माझं हसं झालं तीच शिकायची. मोबाईलवर जुनी गॅझेटं काढली, शेजारी अरबीची डिक्शनरी. या वेळी उर्दू बाजूला ठेवली. कतरचा कायदा 'आम्ही' पासून सुरू होतो. आम्ही, कतरचे अमीर. मग राज्यघटना पाहून, अमुक कायदा पाहून, तमुक कायदा पाहून, मंत्रिमंडळानं मांडलेला मसुदा पाहून, आणि शूरा मजलिसचं मत घेऊन, आम्ही पुढील कायदा ठरवला आहे. त्यानंतर पहिलं कलम. मला ते वाचायला आवडायला लागलं, खोटं कशाला बोलू? आपल्याकडे मंत्री टीव्हीवर बोलला की गावातल्या पानटपरीवर कायदा पास होतो. इथं राजा असूनसुद्धा आपण काय काय पाहिलं, कुणाला विचारलं, ते आधी सांगतो आणि मग हुकूम करतो. आमच्या मामूंनी जन्मात काही पाहून ठरवलं होतं का?

'शूराचं मत घेऊन' ही ओळ मी मनात पक्की धरून बसले. ती दिसली की समजायचं, काम झालं. शूराच्या बैठकांच्या बातम्या रोज वाचायची. आमचा मसुदा काही येईना. उन्हाळा आला, शूराची सुट्टी लागली. म्हटलं, बोंबला, आता पावसाळा संपेस्तोवर काही नाही.

आणि सुट्टीच्या ऐन मध्यात, एका दुपारी मी भाकऱ्या थापत असताना फोनवर गॅझेटातला तो कागद आला. नोकरी बदलायला मालकाची परवानगी नको. पिठाच्या हातानं मी तो वाचला, पुन्हा वाचला. सगळं होतं, पण 'शूराचं मत घेऊन' ही ओळच नव्हती! वर लिहिलेलं 'मरसूम बि-कानून.' मी फोन उलटा ठेवला. दुधानं तोंड पोळलंय, म्हटलं, आता ताकही फुंकून पिणार. आणि मंदूबला फोन लावला.

तो हसला. "भाभी, ये कच्चा नहीं है." मग समजावलं. शूराची बैठक चालू नसेल आणि काम थांबण्यासारखं नसेल, तर अमीर कायद्याच्या ताकदीचं फर्मान काढू शकतात. शूरा भरली की ते तिच्यापुढे ठेवतात. मी एका दारावर डोळे लावून बसले होते आणि कायदा दुसऱ्या दारानं आला होता. मी त्याच्याकडून शेवटचं कलमही वाचून घेतलं, लागू कधीपासून ते. दोनदा वाचून घेतलं.

नवऱ्याला फोन केला. वाटलं, उडी मारेल. तर म्हणतो कसा, "बघू. मामूंना बरं वाटणार नाय."

मामूंना बरं! मी फोनवर अशी ओरडले की शेजारची चाची पदर सावरत बघायला आली. "तुमची पोरगी इथं बापाविना वाढतेय आणि तुम्हाला मामूंच्या तब्येतीची पडलीय?" शेवटी त्यानं तिथल्या कामगार मंत्रालयाच्या साइटवर दोन महिन्यांची नोटीस टाकली. मामू ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाले म्हणे, "शूराला सुट्टी हाय, कसला कायदा आणलास? बायकोनं वाचला काय परत?" तेव्हा मंदूबनं मुकाट्यानं तो मरसूम त्यांच्या पुढ्यात ठेवला. मामूंचा चेहरा मी पाहिला नाही, हे दुःख मला मरेपर्यंत पुरेल.

नवी कंपनी, नवं पत्र, नवा व्हिसा. पुढच्या वर्षी आम्ही परत आलो. विमानतळावर नवरा हात पसरून उभा. पोरगी आता सात वर्षांची व्हायला आलेली. ती माझ्या ओढणीमागे गेली आणि म्हणाली, "हॅलो, अंकल." रोज व्हिडिओ कॉलवर बोलायची त्याच्याशी, पण फोनमधला बाप आणि हा दाढी पिकलेला उंच माणूस एकच, हे तिच्या डोक्यात बसेना. गाडीत नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, मामू, आता थांबा तुम्ही.

दर शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन एशियन टाउनला जायला लागले. मामूंच्या कंपनीची पोरं तिथं बाजारहाट करायला, सिनेमा बघायला यायची. चहाच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल धरायचं, नवऱ्याला नि पोरीला समोर फिरायला पाठवायचं आणि फॉर्म भरायचे. कायदा काय म्हणतो ते मी पोरांना मराठीत, हिंदीत, लागेल तसं सांगायची. ज्यांना जायचं होतं त्यांच्या नोटिसा आधी भरल्या. मग ज्यांना जायचं नव्हतं त्यांच्या कानाला लागले. तो मांडीवर थाप मारणारा वेल्डर, त्याचं मामूंकडे बरं चाललं होतं. त्याला मी तीन शुक्रवार समजावलं आणि चौथ्या शुक्रवारी त्याची नोटीस पाठवली. बटण दाबलं तेव्हा एवढं सुख झालं की तेवढं ईदला पण होत नाही.

लोक म्हणायचे, भाबी किती लोकांचं भलं करतात. मी मान डोलवायची. भलं कसलं? डूख धरला होता मी. एकेक माणूस काढताना मला फक्त मामूंचा ड्रॉवर दिसायचा.

दोन उन्हाळ्यांत कंपनी पोखरून निघाली. एसी बंद पडल्याचे फोन यायचे आणि पाठवायला माणूस नसायचा. गिऱ्हाईकं शेठच्या नावानं शंख करायला लागली. शेठनं कंपनी बंद करायची ठरवली आणि मामूंना सांगितलं, शुक्रन, म्हणजे आभारी आहे, आता घरी जा. तीसएक वर्षं आणि एक शुक्रन. मी त्या दिवशी शेवयांची खीर केली. नवऱ्यानं चमचाही लावला नाही.

आमच्यात कुणी कायमचं गावी निघालं की घरोघर जाऊन 'कहासुना माफ' म्हणतं. बोलण्यात-ऐकण्यात काही वावगं झालं असेल तर माफ करा. समोरच्यानं माफ केलं म्हणायचं आणि मग आपणही आपल्यासाठी तीच माफी मागायची. याला नाही म्हणायचं नसतं. निघायच्या दिवशी दुपारी मामू आमच्या दारात आले. नवा कुर्ता, पण खांद्यात ढगळ झालेला.

"पोरी, कहासुना माफ."

मी दारातच उभी राहिले. आत या म्हटलं नाही. "असं मोघम नको, मामू. कायद्याला कलमं असतात. तुम्ही एकेक कलम सांगा, मी एकेक माफ करते."

"अगं, काय लावलंयस?" नवरा माझ्या मागून म्हणाला. मी वळले नाही.

मामूंनी चौकटीला हात टेकला. "रिलीज अडवली," म्हणाले. मी म्हटलं, माफ. "चारचौघांत तुझं हसं केलं." माफ. "पत्रात तुला गोवली." माफ. मामू थांबले. "झालं."

"झालं कसं? मोठं कलम राहिलं की! व्हिसाचं पत्र. दीड वर्ष पोरीला बाप दिसला नाही, ते कुणी करायचं माफ?"

मामू माझ्याकडे बघेनात. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ते कलम माझं नाय."

आणि मागून नवरा बोलला, "मामू, र्‍हाऊ दे ना."

त्या एका 'र्‍हाऊ दे'नं मला सगळं कळलं, पण तरी मी वळून विचारलं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो जमिनीकडे बघत बोलला. मामूंनी पत्र दिलं होतं. शिक्का मारून, सही करून, त्याच्या हातात. ते त्यानं फाडलं. "रोज तेच तेच, हसलात कशाला, हसलात कशाला. मला घरी यायची भीती वाटायला लागली होती. दोन महिनेच म्हटलं होतं गं मी. दोन महिने जरा शांत झोपलो असतो. विमानं बंद पडतील हे मला काय माहीत?"

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" मी मामूंना विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"भाचा हाय माझा," मामू म्हणाले. "त्याचा संसार मी मोडू? म्हटलं, तिला मला शिव्या देऊ दे. तसंही देतच होतीस."

एशियन टाउनचं ते टेबल, ती पोरं, तो वेल्डर, मामूंचं तीस वर्षांचं बस्तान. ज्याच्यासाठी मी हे सगळं उठवलं ते मामूंनी केलंच नव्हतं, आणि ज्यानं केलं होतं तो दर शुक्रवारी मला गाडीनं तिथं सोडायला येत होता. नवऱ्याचं काय करायचं ते मी नंतर बघणार होते. अजून बघतेच आहे.

"मामू, माफ केलं," मी म्हटलं. "सगळं."

मामूंनी मान हलवली. आता रीतीप्रमाणे माझी पाळी होती. कुठून सुरुवात करावी ते सुचेना. मी म्हटलं, "मामू, माझं पण..."

त्यांनी हात वर केला. रागानं नाही, दमून. "र्‍हाऊ दे, पोरी. तुझी कलमं लई हायत. माझं विमान चुकंल."

आणि भाच्याच्या डोक्यावर हात ठेवून, लिफ्टची वाट न बघता, जिन्यानंच उतरून गेले.